प्रवेश आधी, विषय नंतर : जीवशास्त्राची निवड किती काळ लांबवता येते?

प्रतिनिधी, करमाळा

बारावी विज्ञान शाखेचा निकाल लागला, की वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशाच्या धांदलीतून बाहेर राहिलेल्या विद्यार्थ्यांपुढे बी. एस्सी.चा अर्ज येतो. या अर्जात विषयगटाचा एक रकाना असतो. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित या विषयांच्या ठरावीक जुळण्यांपैकी एकीवर खूण करायची असते. मूल म्हणते, ‘जीवशास्त्र आवडते, पण त्यातले नेमके काय ते माहीत नाही.’ पालक म्हणतात, ‘आधी प्रवेश तर घे, पुढचे पुढे पाहू.’ करमाळ्यासारख्या तालुक्याच्या गावी हे संभाषण दर जूनमध्ये अनेक घरांत होते, आणि त्यात गैर असे काही नाही. प्रश्न एवढाच, की ‘पुढचे पुढे’ म्हणजे नेमके कधीपर्यंत, आणि तोवर कोणती दारे उघडी राहतात व कोणती न कळत बंद होतात.

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत मुख्य विषय जाहीर न करताच प्रवेश घेता येतो. विद्यार्थी पहिले वर्ष-दीड वर्ष निरनिराळे विषय चाखतो आणि साधारणपणे दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस आपला मुख्य विषय नोंदवतो. आपल्याकडे अशी सोय नाही, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धवट खरा आहे. आपल्या सर्वसाधारण बी. एस्सी.ची घडण मुळातच नरसाळ्यासारखी होती. पहिल्या वर्षी तीन किंवा चार विषय, दुसऱ्या वर्षी त्यांतील एखादा गळणार, आणि तिसऱ्या वर्षी एक विषय ‘स्पेशल’. म्हणजे विषय न ठरवता विज्ञानात शिरण्याची मुभा आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. तिला कुणी नाव दिले नाही, इतकेच.

नव्या धोरणानंतर काय बदलले?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केले. त्यानंतर डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी अभ्यासक्रमाचा श्रेयांक आराखडा प्रसिद्ध केला आणि राज्य शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी त्यासंबंधीचा शासन निर्णय काढला. स्वायत्त महाविद्यालयांत ही रचना आधी आली, संलग्न महाविद्यालयांत ती २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून लागू झाली. करमाळ्याचे यशवंतराव चव्हाण महाविद्यालय ज्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न आहे, तेथेही हीच चौकट आहे. (या विद्यापीठाची स्थापना २००४ ची. त्यापूर्वी सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होती, त्यामुळे जुन्या पदवीधरांच्या प्रमाणपत्रांवर कोल्हापूरचे नाव दिसते.)

नव्या रचनेत विज्ञानाचा विद्यार्थी पहिल्या वर्षी साधारणपणे तीन विषय सारख्याच वजनाने शिकतो. दुसऱ्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्यांपैकी एक ‘मेजर’ म्हणजे मुख्य विषय होतो, दुसरा ‘मायनर’ म्हणजे दुय्यम होतो, आणि तिसरा तेथेच थांबतो. आयोगाच्या आराखड्यातही मुख्य विषयाची निवड दुसऱ्या सत्राच्या अखेरीस करावी, असेच म्हटले आहे. पूर्वी विद्यार्थ्याला तिसऱ्या वर्षापर्यंत, म्हणजे दोन वर्षे विचार करायला मिळत. आता ती मुदत एका वर्षावर आली आहे. धोरणाची जाहिरात ‘लवचीकता वाढली’ अशी झाली. परंतु ज्याला विषय ठरवायला वेळ हवा आहे, त्याच्यासाठी या एका बाबतीत ती कमी झाली, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

उलट बाजूही आहे. पहिल्या वर्षाअखेर ठरावीक श्रेयांक व जोडीचे काम पूर्ण करून बाहेर पडल्यास प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षाअखेर पदविका, तिसऱ्या वर्षाअखेर पदवी आणि चौथ्या वर्षाअखेर ऑनर्स पदवी, अशा पायऱ्या आता आहेत. मध्येच बाहेर पडलेल्याला आयोगाच्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या आत परत येता येते, मात्र पदवी एकूण सात वर्षांत पुरी व्हावी लागते. संशोधनासह ऑनर्स करायचे असेल, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण आवश्यक आहेत. म्हणजे विषय चाचपडण्यात घालवलेल्या पहिल्या वर्षाचे गुणही पुढे मोजले जातात. ‘पहिले वर्ष असेच असते’ ही जुनी समजूत आता महाग पडू शकते.

गटाचा रकाना हीच खरी निवड

आता मुख्य मुद्दा. पहिल्या वर्षी जो विषय घेतलेला नाही, तो दुसऱ्या वर्षी मुख्य विषय होऊ शकत नाही. त्यामुळे विषय ठरवला नाही असे वाटत असताना, अर्जावरील त्या एका खुणेने बरेच काही ठरून गेलेले असते. भौतिक-रसायन-गणित गट घेणाऱ्याला वर्षभराने प्राणिशास्त्राची गोडी लागली, तर त्याला पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागते. वनस्पती-प्राणी-रसायन गट घेणाऱ्याला मात्र वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र ही तिन्ही दारे वर्षभर उघडी असतात. सूक्ष्मजीवशास्त्र ज्या गटात आहे, तो गट घेतला तर तेही राहते.

ज्याचा कल जीवशास्त्राकडे आहे पण शाखा ठरलेली नाही, त्याने रसायनशास्त्र सोडू नये. सूक्ष्मजीवशास्त्र, जैवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान, औषधनिर्मिती उद्योगातील प्रयोगशाळा, अन्नतपासणी या सगळ्या वाटांवर रसायनशास्त्र भेटतेच. वनस्पतिशास्त्र आवडते म्हणून रसायनाला कंटाळून तिसरा विषय म्हणून काहीतरी सोपे घेणारे विद्यार्थी पुढे पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी अडतात.

गणिताचेही तसेच. अकरावीत गणित सोडून जीवशास्त्र घेण्याची सोय आपल्या राज्यात आहे, आणि नीटच्या तयारीसाठी अनेक जण ती वापरतात. अर्थात निवडीचा पहिला प्रसंग बारावीनंतर नव्हे, दहावीनंतरच येऊन गेलेला असतो. राज्याची सामाईक प्रवेश परीक्षाही भौतिक-रसायन-गणित आणि भौतिक-रसायन-जीव अशा दोन गटांत होते. ज्यांनी अकरावी-बारावीत गणित व जीवशास्त्र दोन्ही ठेवले, त्यांच्यासाठी सर्वाधिक वाटा मोकळ्या असतात. हा बोजा मोठा आहे, पण अनिश्चित विद्यार्थ्याला तोच उपयोगी पडतो.

दुसरी खबरदारी महाविद्यालयाच्या बाबतीत. पहिल्या वर्षाला शिकवला जाणारा प्रत्येक विषय शेवटच्या वर्षापर्यंत मुख्य विषय म्हणून उपलब्ध असेलच, असे नाही. प्रयोगशाळेची क्षमता, मान्य तुकड्या, शिक्षकांची पदे यांवर ते अवलंबून असते. मागणी जास्त असली की पहिल्या वर्षाच्या गुणांवर विषयवाटप होते. म्हणून माहितीपत्रकात पहिल्या वर्षाचे पान वाचून थांबू नये. ‘तिसऱ्या वर्षाला कोणकोणते विषय आहेत आणि ते कशावर मिळतात?’ हा प्रश्न प्रवेशाच्या खिडकीवरच विचारावा. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला उत्तर ठाऊक नसेल, तर विभागप्रमुखांना भेटावे.

नीटच्या सावलीतले पहिले वर्ष

विषय न ठरवता बी. एस्सी.ला येणाऱ्यांत मोठा वर्ग असा असतो, ज्याचे मन खरे तर बी. एस्सी.त नसतेच. नीटमध्ये गुण कमी पडले, पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा द्यायची, मधले वर्ष मोकळे दिसू नये म्हणून प्रवेश घेतलेला. नाव महाविद्यालयाच्या पटावर, देह लातूर किंवा कोट्याच्या शिकवणीत. नीट अलीकडच्या वर्षांत मे महिन्याच्या सुरुवातीला होते आणि विद्यापीठाच्या दुसऱ्या सत्राच्या परीक्षाही त्याच सुमारास येतात. मग दोन्हीकडे ओढाताण होते. प्रात्यक्षिकांची उपस्थिती अपुरी राहते, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण बुडतात.

नीट दुसऱ्यांदाही हुकली, तर हा विद्यार्थी दुसऱ्या वर्षात येतो तेव्हा त्याच्या हाती कमी गुणांचे पहिले वर्ष असते. मुख्य विषय निवडायचा तो उरलेल्यांतून. त्याला वनस्पतिशास्त्र आवडते की प्राणिशास्त्र, हे कळण्यासाठी जो काळ होता, त्या काळात तो प्रयोगशाळेत नव्हताच. पालकांनी या बाबीचा आधी हिशेब करावा. एकतर वर्ष उघडपणे नीटसाठी द्यावे, नाहीतर बी. एस्सी. नेटाने करावी. दोन्ही दगडांवर पाय ठेवणाऱ्यांपैकी काही जण पार पडतात, पण त्यांच्या यशाच्या कथा गावभर होतात आणि बाकीच्यांच्या होत नाहीत.

जेथे संस्थाच थांबायला सांगते

देशात काही संस्थांनी विषय उशिरा निवडण्याची पद्धत जाणीवपूर्वक स्वीकारली आहे. भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, अर्थात आयसर, या मालिकेतील पुणे आणि कोलकाता येथील पहिल्या संस्था २००६ मध्ये सुरू झाल्या. आता मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती व बेरहामपूर धरून त्या सात आहेत. तेथील पाच वर्षांच्या बी.एस.-एम.एस. अभ्यासक्रमात सुरुवातीच्या सत्रांत जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित सर्वांनाच शिकावे लागते, नंतर कल पाहून वाट निवडता येते. २०२४ पासून या अभ्यासक्रमाचे प्रवेश केवळ आयसरच्या स्वतःच्या अभिक्षमता चाचणीवर होतात. तीन तासांत ६० प्रश्न, चारही विषयांचे प्रत्येकी १५, बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक गुण वजा. बारावीला चारांपैकी तीन विषय असले तरी परीक्षेला बसता येते. मात्र गणित सोडलेल्याने चाचणीतले १५ प्रश्न आणि प्रवेशानंतरचा सामाईक अभ्यासक्रम, दोन्ही लक्षात ठेवावेत.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम २०११ मध्ये सुरू झाला. तेथे पहिली तीन सत्रे सर्वांना समान असतात, मुख्य विषय त्यानंतर. मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरातील अणुऊर्जा विभाग व विद्यापीठाच्या संयुक्त मूलभूत विज्ञान केंद्रात ‘नेस्ट’ परीक्षेद्वारे प्रवेश मिळतो आणि तेथेही सुरुवात सामाईक अभ्यासक्रमानेच होते. ही दोन्ही ठिकाणे करमाळ्याच्या विद्यार्थ्याला दूरची वाटतात. अर्ज भरण्याच्या तारखा बारावीच्या परीक्षेच्या आगेमागेच येऊन जातात आणि निकालानंतर जागे होणाऱ्यांना त्या सापडत नाहीत, हे त्याचे एक साधे कारण आहे.

परदेशात केंब्रिजची ‘नॅचरल सायन्सेस’ ही जुनी पदवी याच विचाराची आहे. पहिल्या वर्षी तीन प्रायोगिक विज्ञाने आणि जोडीला गणित, आणि विशेष अभ्यास पुढे. आपल्या बी. एस्सी.शी तिचे साम्य सहज नजरेत भरते. अमेरिकेत विषय जाहीर न करता गेलेल्या विद्यार्थ्यांनाही एक गोष्ट लवकर कळते : इतिहास किंवा अर्थशास्त्र दुसऱ्या वर्षी सुरू करता येते, जीवशास्त्र सहसा नाही. कारण प्राथमिक जीवशास्त्र आणि सामान्य रसायनशास्त्र प्रयोगशाळेसह आधी पुरे केल्याशिवाय सेंद्रिय रसायन, अनुवंशशास्त्र, पेशीशास्त्र हे पुढचे वर्ग मिळत नाहीत. म्हणून तेथेही अनिश्चित विद्यार्थ्याने पहिल्याच सत्रात हे दोन वर्ग घेऊन ठेवणे शहाणपणाचे ठरते.

उशिरा वळलेले काही

कमला सोहोनी यांचे नाव मराठी वाचकांना परके नाही; त्या दुर्गा भागवत यांच्या धाकट्या भगिनी. मुंबई विद्यापीठातून १९३३ मध्ये त्यांनी बी. एस्सी. पदवी घेतली ती रसायन व भौतिक या विषयांत. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी त्यांनी अर्ज केला, तेव्हा संचालक चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी त्या स्त्री असल्याच्या कारणाने तो नाकारला. कमलाबाईंनी हट्ट सोडला नाही आणि अटींवर का होईना, प्रवेश मिळवला. तेथे त्या जैवरसायनशास्त्राकडे वळल्या. १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. त्यांनी मिळवली ती वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम सी या विकरासंबंधीच्या कामावर. पदवीला जीवशास्त्राचा गंध नसताना त्या इथवर आल्या, त्या रसायनशास्त्राच्या पक्क्या बैठकीवर.

व्यंकटरामन रामकृष्णन यांचे उदाहरण अधिक टोकाचे आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी, अमेरिकेतील ओहायो विद्यापीठातून १९७६ मध्ये त्याच विषयाची पीएच.डी., आणि त्यानंतर सॅन दिएगो येथे जीवशास्त्राचे धडे नव्याने. २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले ते रायबोसोमच्या रचनेसाठी. अर्थात अशी उदाहरणे देताना तारतम्य हवे. भौतिक-रसायनाकडून जीवशास्त्राकडे येणे शक्य असते. उलट दिशेचा प्रवास बराच अवघड असतो. अनिश्चित विद्यार्थ्याला यातून काढता येण्यासारखा व्यवहारी अर्थ एवढाच.

वनस्पती की प्राणी : फरक कोठे पडतो?

घरोघरी ज्यावर खल होतो तो हा प्रश्न संशोधनाच्या पातळीवर फारसा उरत नाही. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची नेट परीक्षा पाचच विषयांत होते आणि त्यांत वनस्पती, प्राणी, सूक्ष्मजीव, जैवरसायन या सर्वांसाठी ‘जीवविज्ञान’ ही एकच प्रश्नपत्रिका आहे. राज्याच्या सेट परीक्षेतही ‘जीवविज्ञान’ असा एकच विषय आहे. आयआयटीच्या जॅम परीक्षेतील जैवतंत्रज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत तर बारावीच्या पातळीचे रसायन, गणित आणि भौतिकही विचारले जाते.

फरक पडतो तो पदव्युत्तर प्रवेशात आणि नोकरीत. एम. एस्सी. वनस्पतिशास्त्रासाठी बहुतेक ठिकाणी पदवीला तोच मुख्य विषय लागतो. जैवतंत्रज्ञान किंवा जैवमाहितीशास्त्र यांची दारे तुलनेने रुंद आहेत. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायचे तर दोन्हींपैकी कोणत्याही विषयातील एम. एस्सी. आणि बी. एड. चालते.

याउलट बी. एस्सी. बायोटेक्नॉलॉजीसारख्या पदव्यांत निवड पहिल्याच दिवशी झालेली असते. नाव आकर्षक असते, शुल्क बहुधा विनाअनुदानित तत्त्वावरचे, आणि मागे फिरायला जागा कमी. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००८ मध्ये सुरू केलेल्या इन्स्पायर शिष्यवृत्तीच्या विषययादीत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवरसायनशास्त्र होते, जैवतंत्रज्ञान नव्हते. ही यादी मूलभूत विज्ञानांसाठी केलेली असल्याने तसे होणे स्वाभाविकच. पण प्रवेश घेऊन झाल्यावर हे कळलेल्यांची निराशा होते. त्या-त्या वर्षीची सूचना प्रवेशापूर्वी पाहावी.

तालुक्यातच असलेली प्रयोगशाळा

विषय ठरवण्यासाठी मिळालेल्या वर्षात करायचे काय? पुस्तकातील प्रकरणांवरून आवड ठरत नाही, आणि करमाळ्याच्या विद्यार्थ्याला बाहेर पाहण्यासारखे पुष्कळ आहे. भीमेवरील उजनी धरणाचे, म्हणजे यशवंतसागराचे, पाणलोट तालुक्याच्या पश्चिम अंगाला पसरले आहे. रोहित पक्षी पाहायला पुण्या-मुंबईची मंडळी तेथे येतात. याच पाण्यात बाहेरून आलेल्या चिलापी माशाने बस्तान बसवले आणि मूळच्या माशांचे काय होते, हा प्रश्न उभा राहिला. प्राणिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आक्रमक प्रजातींवर चार ओळी असतात. येथे त्याचा बाजारभाव सकाळी लिलावात कळतो.

कंदर आणि परिसरातील केळी परदेशी जाते. ऊतिसंवर्धनाची रोपे, करपा रोग, जमिनीतले सूक्ष्मजीव हे तेथील शेतकऱ्याचे रोजचे विषय आहेत, आणि वनस्पतिशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र यांतला फरक एका बागेत उभे राहून जितका कळतो, तितका माहितीपत्रकातून कळत नाही. सोलापूरजवळ केगाव येथे २००५ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. १९७९ मध्ये जाहीर झालेल्या माळढोक अभयारण्याचे मूळ क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते, त्यात करमाळा तालुक्याचाही भाग होता. पुढे ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. माळरान म्हणजे पडीक जमीन की स्वतंत्र परिसंस्था, हा वाद ज्याला रंजक वाटतो, त्याला आपला विषय सापडल्यातच जमा आहे.

स्थलांतराचे कागद

करमाळा जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यात आहे. सोलापूर लांब पडते, त्यामुळे येथील मुले बार्शीप्रमाणेच बारामती, अहिल्यानगर, पुणे अशीही पांगतात. बारामती, अहिल्यानगर आणि पुणे येथील महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतात. ‘पहिले वर्ष गावात करू, विषय ठरला की पुण्यात जाऊ’ हा बेत अनेकांचा असतो. तो अशक्य नाही. परंतु विद्यापीठ बदलताना स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रता प्रमाणपत्र आणि दोन्हीकडच्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमांची समकक्षता लागते, आणि तेथे दुसऱ्या वर्षाला रिकामी जागा असावी लागते. श्रेयांक बँकेत खाते असले, म्हणजे श्रेयांक आपोआप स्वीकारले जातील असे नव्हे. स्वीकारायचे की नाही, हे घेणारे विद्यापीठ ठरवते. बेत असाच असेल, तर ज्या महाविद्यालयात जायचे त्याच्या पहिल्या वर्षाच्या विषयगटाशी जुळणारा गट गावातच घ्यावा, आणि दुसऱ्या सत्राचा निकाल लागताच मूळ गुणपत्रिका, महाविद्यालय सोडल्याचा दाखला आणि स्थलांतर प्रमाणपत्राचा अर्ज यांची तजवीज करावी. निकाल जूनअखेर किंवा त्यानंतर लागला, तर तोवर पुण्यातील प्रवेशाची मुदत संपत आलेली असते. त्यामुळे तेथील प्राचार्यांकडे तात्पुरत्या प्रवेशासाठीचा अर्ज निकालापूर्वीच देऊन ठेवावा.